जाब विचारण्याची जागा

सरकार या विषयाची चर्चा आपल्याकडे मुख्यतः दोन ठिकाणी होते, आणि दोन्हीकडे ती वरवरची राहते. शाळेत नागरिकशास्त्राच्या तासाला शासनाची कार्ये, राज्यपद्धतीचे प्रकार आणि शासनसंस्थेची तीन अंगे यांची यादी पाठ करून घेतली जाते. मोठेपणी सगळी चर्चा ‘वर माणूस चांगला हवा’ या एका वाक्यात आटोपते. शाळेत सरकार म्हणजे एक तक्ता असतो, चार लोकांच्या गप्पांत ते एक व्यक्ती होते. दोन्हीकडे गृहीत मात्र एकच आहे: आपल्याकडे निवडणुका होतात, म्हणून आपले सरकार लोकशाही प्रकारचे आहे आणि हा प्रश्न १९५० सालीच निकालात निघाला.

हे गृहीत मला अपुरे वाटते आणि घातकही वाटते. माझे म्हणणे असे की सत्ता कोणाच्या नावाने चालते यावरून सरकारचा प्रकार ठरत नाही. तो चार प्रश्नांच्या उत्तरांवरून ठरतो. निर्णय कोण घेतो? पैसा कोण खर्च करतो? त्याला समोर उभे करून जाब कोण विचारू शकतो? आणि जाब पटला नाही तर त्याला घालवू कोण शकतो? ही चार उत्तरे एकमेकांना जोडलेली असतील तर सरकार जबाबदार आहे. मध्येच दुवा तुटला असेल तर मतदान कितीही उत्साहाने होवो, ते सरकार दुसऱ्याच प्रकारचे आहे. या कसोटीवर पाहिले तर महाराष्ट्रातल्या नागरिकावर एकाच वेळी निरनिराळ्या प्रकारची सरकारे राज्य करतात, आणि त्याच्या दाराशी असलेले सरकार त्यांतले सर्वांत कमी जबाबदार आहे.

१. सरकार कशासाठी असते

सरकारच्या उद्देशांची यादी सगळ्यांना तोंडपाठ असते: संरक्षण, कायदा-सुव्यवस्था, न्याय, रस्ते, पाणी, शाळा, दवाखाने, दुर्बलांची काळजी. यादी खोटी नाही, पण तिच्यातून एक गैरसमज तयार होतो. सरकार म्हणजे कामे करून देणारी यंत्रणा, आणि कामे झाली की सरकार चांगले. मग ‘कामाचा माणूस’ ही आपल्या राजकारणातली सर्वांत मोठी पदवी ठरते.

आता गोदावरी खोऱ्याकडे पाहा. नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत गंगापूर, दारणा, भंडारदरा, मुळा अशी धरणे आहेत. खाली पैठणला जायकवाडी आहे. पाऊस कमी झाला की वरच्या धरणांतले पाणी खाली सोडायचे का, आणि सोडायचे तर किती, हा भांडणाचा प्रश्न होतो. वर द्राक्षबागा, ऊस आणि नाशिक शहर. खाली मराठवाड्याची पिके, छत्रपती संभाजीनगर आणि जालना यांचे पिण्याचे पाणी. दोन्ही बाजूंची गरज खरी आहे. २००५ च्या कायद्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापन झाले, समन्यायी पाणीवाटपाचे तत्त्व कायद्यात आले, आणि सप्टेंबर २०१४ मध्ये प्राधिकरणाने आदेश दिला की १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरून पाणी सोडावे. उच्च न्यायालयात आव्हान मिळूनही समन्यायी वाटपाचे हे तत्त्व टिकले.

यात ‘काम’ कोणते झाले? नवे धरण बांधले गेले नाही, नवा कालवाही निघाला नाही. झाले ते एवढेच की हितसंबंध एकमेकांच्या विरुद्ध असलेल्या दोन प्रदेशांवर बंधनकारक असा एक निर्णय घेतला गेला, आणि ज्याचे नुकसान झाले तोही दरवाजे फोडण्याऐवजी न्यायालयाची पायरी चढला. धरण कंत्राटदार बांधू शकतो, पाणी खासगी टँकरवालाही पुरवतो. पण हा निर्णय घेण्याचा अधिकार कोणत्याही कंपनीला विकत देता येणार नाही. सरकारचा मूळ उद्देश हा आहे. परस्परविरोधी हितसंबंधांतून सर्वांना बांधणारा निर्णय काढायचा, आणि तो हरणाऱ्यालाही मान्य व्हावा अशा रीतीने काढायचा. रस्ते आणि दवाखाने यांचा क्रम त्यानंतर येतो. कारण रस्ता कोणाच्या वस्तीतून जाणार आणि दवाखाना कोणत्या गावाला मिळणार हेही असेच निर्णय असतात.

उद्देश असा मांडला की पुढचा प्रश्न टाळता येत नाही. हरणारा निर्णय का मानतो? भीतीने मानत असेल तर भीती ओसरताच तो उलटतो. निर्णय घेणाऱ्याला आपणही प्रश्न विचारू शकलो, आपले म्हणणे नोंदवले गेले, आणि उद्या त्याला बदलता येईल, एवढी खात्री असली तर मात्र पराभव पचतो. म्हणजे जाब विचारण्याची सोय ही चांगल्या सरकारला वरून चढवलेली शोभा राहत नाही, तर तिच्यावाचून सरकारचा मूळ उद्देशच अपुरा राहतो.

२. प्रकार ठरवण्याची जुनी आणि नवी कसोटी

सत्ता एकाच्या हाती, थोड्यांच्या हाती की अनेकांच्या हाती, ही वर्गवारी ॲरिस्टॉटलपासून चालत आली आहे. पण खुद्द ॲरिस्टॉटल संख्येवर थांबला नव्हता. सत्ता कोणाच्या हितासाठी वापरली जाते हा दुसरा निकष त्याने जोडला आणि तीनाचे सहा प्रकार केले. आपल्या पाठ्यपुस्तकी परंपरेने संख्या लक्षात ठेवली आणि निकष सोडून दिला.

हिताचा निकष मोलाचा असला तरी व्यवहारात त्याने काम भागत नाही, कारण प्रत्येक सत्ताधारी आपण लोकहितासाठीच आहोत असे सांगतो आणि अनेकदा तसे मानतोही. बाहेरून तपासता येईल असा निकष हवा. तो आपल्याला घटना समितीतच मिळाला होता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अध्यक्षीय आणि संसदीय पद्धतींची तुलना केली. त्यांच्या विवेचनाचा गाभा असा: पहिल्या पद्धतीत स्थैर्य जास्त, दुसरीत जबाबदारी जास्त. अध्यक्षीय पद्धतीत सरकारची परीक्षा ठरावीक मुदतीने, निवडणुकीतच होते. संसदीय पद्धतीत ती त्याखेरीज रोज होते. प्रश्न, ठराव, अविश्वास प्रस्ताव, चर्चा यांतून होते. मसुद्याने स्थैर्यापेक्षा जबाबदारीला पसंती दिली.

भारतीय लोकशाहीच्या प्रकाराविषयी याहून नेमके विधान माझ्या वाचनात नाही. मुदतीची परीक्षा आणि रोजची परीक्षा हा भेद एकदा मनात रुजला की ‘निवडणुका होतात म्हणून लोकशाही’ हे वाक्य किती अर्धवट आहे ते दिसते. निवडणूक ही मुदतीची परीक्षा आहे. तिच्या आधी आणि नंतर जे घडायला हवे ते घडत नसेल तर उरलेला काळ आपण कोणत्या प्रकारच्या राज्यात काढतो?

निवडणूक असूनही जबाबदार सरकार नसणे याचा अनुभव या प्रदेशाला आहे. १९१९ च्या सुधारणांनी प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही खाती लोकनियुक्त मंत्र्यांकडे आली. अर्थ, पोलीस, जमीनमहसूल गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी मंडळाकडे राहिले. शाळा काढण्याची जबाबदारी एकाकडे, पैशाची पेटी दुसऱ्याकडे. मतदार ज्याला निवडत होता त्याच्या हाती तिजोरी नव्हती, आणि तिजोरी ज्याच्या हाती होती तो मतदाराला उत्तर द्यायला बांधील नव्हता. ती पद्धत प्रांतांतून १९३७ मध्ये संपली. शहरांतून आणि जिल्ह्यांतून ती गेली असे मला वाटत नाही.

३. रचना: १८८८ चा आराखडा आणि आजचे शहर

मुंबई महापालिकेचा कारभार आजही १८८८ च्या कायद्याने चालतो, आणि त्या कायद्यात शहराचा कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे आहे. आयुक्तांची नेमणूक राज्य सरकार करते. महापौर सभागृहाचे अध्यक्षपद सांभाळतात, पाहुण्यांचे स्वागत करतात, शहराचे प्रथम नागरिक म्हणवले जातात. पण एखादा रस्ता खोदण्याचा हुकूम ते देऊ शकत नाहीत. राज्यातल्या इतर महापालिका १९४९ च्या कायद्याखाली येतात. आराखडा तोच आहे.

हा आराखडा मूर्खांनी किंवा केवळ साम्राज्यवाद्यांनी केलेला नाही, हे सांगायला हवे. १८६५ च्या कायद्याने मुंबईला आर्थर क्रॉफर्ड हा सर्वाधिकारी आयुक्त मिळाला. त्याने शहराचा कायापालट केला आणि तिजोरीही रिती केली. १८७१ मध्ये करदाते खवळले. त्या वादात तरुण फिरोजशहा मेहतांनी घेतलेली भूमिका आजही शिकण्यासारखी आहे. दोष एका हाती कार्यकारी सत्ता देण्यात नाही, तिच्यावर नजर ठेवणारी मंडळी करदात्यांनी निवडलेली नाहीत यात आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांपैकी निम्मे करदात्यांनी निवडायचे ठरले. पुढे १८८८ च्या कायद्याच्या घडणीत मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचा मोठा वाटा होता.

म्हणजे मूळ रचनेत तोल होता: प्रबळ अधिकारी, आणि त्याच्यासमोर प्रबळ सभागृह. त्या तोलाची एक खूण कायद्यात आजही आहे. एकूण नगरसेवकांपैकी पाच अष्टमांश सभासदांनी ठराव केला तर आयुक्तांना सरकारने परत बोलवावे अशी तरतूद १८८८ च्या कायद्यात आहे. परकीय राज्यात, अत्यंत मर्यादित मताधिकाराच्या काळात हे पाऊल मोठे होते. त्या वेळी प्रांताच्या कारभारात निवडून आलेल्या माणसाला काही स्थान नव्हते. त्या मानाने महापालिका पुढे होती. त्यानंतर प्रांताचे राज्य झाले आणि तिथे पूर्ण जबाबदार सरकार आले. शहर मात्र जिथे होते तिथेच थांबले. जे १८८८ मध्ये स्वराज्याचे पहिले पाऊल होते ते आज स्वराज्याच्या वाटेतला अडसर झाले आहे.

सभागृहाकडे जी ताकद उरली ती स्थायी समितीत. आयुक्तांचा प्रस्ताव विषयपत्रिकेवर येतो. नगरसेवक हरकतीचा मुद्दा घेतात, उपसूचना मांडतात, माहिती मागवून प्रस्ताव राखून ठेवतात, क्वचित दप्तरी दाखल करून टाकतात. नालेसफाईचा गाळ किती उचलला, त्याच ठेकेदाराला पुन्हा काम का, अंदाजित खर्चापेक्षा निविदा इतक्या खाली कशी आली, हे प्रश्न तिथे विचारले जात. ते विचारणारे सगळे स्वच्छ हेतूने विचारत असे मी म्हणत नाही. टक्केवारीचे राजकारण याच समितीभोवती फिरत आले आहे. पण प्रश्न नोंदला जाई, अधिकाऱ्याला उत्तर द्यावे लागे, दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्रात येई.

पैशाची बाजू आणखी कमकुवत झाली आहे. १ जुलै २०१७ ला वस्तू आणि सेवा कर लागू झाला आणि मुंबईची जकात संपली. जकातीचे समर्थन मला करायचे नाही. नाक्यावर ट्रकांच्या रांगा लावणारा तो कर जायलाच हवा होता. पण शहराचा स्वतःचा मोठा कर जाऊन त्या जागी राज्याच्या तिजोरीतून येणारी भरपाई आली, हा रचनेतला बदल लहान नाही. भरपाईवर चालणारे सभागृह भरपाई देणाऱ्याशी कोणत्या आवाजात बोलणार? शिवाय एमएमआरडीए, म्हाडा, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण या शहराचा चेहरा ठरवणाऱ्या संस्था राज्य सरकारच्या अखत्यारीत आहेत. आपल्या प्रभागात उभ्या राहणाऱ्या उड्डाणपुलाबद्दल नगरसेवकाने सभागृहात विचारले तर खरे उत्तर असते: तो आपला विषय नाही.

४. सभागृहच नसलेली वर्षे

हे सगळे सभागृह असतानाचे. ७ मार्च २०२२ ला मुंबईच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि दुसऱ्या दिवसापासून आयुक्तच प्रशासक झाले. नवी मुंबई आणि छत्रपती संभाजीनगरमध्ये ही स्थिती २०२० पासूनच होती. पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर २०२२ मध्ये त्याच वाटेने गेले. जिल्हा परिषदांची तीच गत झाली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद, प्रभागरचनेतले उलटसुलट बदल, न्यायालयातल्या तारखा अशी कारणे प्रत्येक टप्प्यावर होती. शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या असे सांगितले, आणि तरीही महापालिकांचे मतदान व्हायला जानेवारी २०२६ उजाडला.

संविधानाच्या २४३ यू या अनुच्छेदात पालिकेची मुदत पाच वर्षे आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण व्हावी असे स्पष्ट लिहिले आहे. २००६ मध्ये अहमदाबादच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे बंधन टाळण्याजोगे नाही असेही सांगितले होते. मुंबईचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक ७४ हजार कोटींच्या वर होते. अंदाजपत्रक मांडणारा अधिकारी आणि ते मंजूर करणारा प्रशासक ही एकच व्यक्ती होती. प्रस्ताव तिचा, मंजुरीही तिचीच. लोकसभेची निवडणूक चार वर्षे लांबली असती आणि मंत्रिमंडळाच्या सचिवाने अर्थसंकल्प मांडून स्वतःच मंजूर केला असता, तर त्याला आपण काय नाव दिले असते हे मी सांगायची गरज नाही. शहरांबाबत आपण त्याला ‘प्रशासकीय राजवट’ असे नाव दिले आणि कामाला लागलो.

मला अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे. मोर्चे फारसे निघाले नाहीत. अनेक सुशिक्षित लोकांना यात फारसे बिघडले असे वाटलेही नाही. याला बेफिकिरी म्हणून भागणार नाही. सरकार म्हणजे काय याची आपली कल्पनाच इथे उघडी पडली. कचरा उचलला जात होता, नळाला पाणी येत होते, म्हणजे सरकार चालू होते असे आपण मानले.

या रिकाम्या जागेचे परिणाम वरपर्यंत गेले. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी २२ स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रतिनिधींनी निवडायच्या असतात. मतदारच नसल्याने त्यांतल्या अनेक जागा मुदत संपल्यावर रिकाम्या राहिल्या. जिल्हा नियोजन समितीत निदान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि पालिकांच्या सदस्यांनी आपल्यातून निवडलेले असावेत, असे संविधान सांगते. निवडणारेही नाहीत आणि निवडून येणारेही नाहीत, अशा अवस्थेत जिल्ह्याच्या निधीवर पालकमंत्र्यांचाच शब्द चालणार हे उघड आहे.

५. जिल्हा परिषद: उभी केली आणि पोकळ केली

महाराष्ट्राला याहून चांगले करता येत होते, आणि त्याने ते करून दाखवले होते. वसंतराव नाईक समितीच्या अहवालानंतर १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. बलवंतराय मेहता समितीने तालुक्याच्या पातळीवर भर दिला होता. महाराष्ट्राने विचारपूर्वक जिल्हा ही पातळी बळकट केली, प्राथमिक शाळा आणि आरोग्य केंद्रे तिच्याकडे दिली, आणि जिल्हाधिकाऱ्यापासून वेगळा मुख्य कार्यकारी अधिकारी नेमला. आर. आर. पाटील जिल्हा परिषदेतून घडले, विलासराव देशमुख बाभळगावच्या सरपंचपदापासून निघाले. कारभार शिकण्याची ती शाळा होती.

मग ती पोकळ कशी झाली? एका तारखेकडे लक्ष वेधतो. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला अमलात आली. तिने पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय अकराव्या अनुसूचीत घातले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये खासदारांच्या स्थानिक विकास निधीची योजना सुरू झाली. एका हाताने गावाच्या कामांचा अधिकार गावाला देण्याची घोषणा, दुसऱ्या हाताने गावातले सभामंडप आणि रस्ते खासदाराच्या शिफारशीवर. कायदे करायला आणि सरकारला जाब विचारायला निवडलेला माणूस स्वतःच निधी वाटणारा झाला, आणि ज्या संस्थेचे ते काम होते ती बाजूला पडली. आमदार निधी आणि पालकमंत्री या दोन गोष्टींनी तेच जिल्ह्यात पक्के केले. पालकमंत्री या पदाचा संविधानात कुठे उल्लेख नाही. आज जिल्ह्यात सर्वांत वजनदार पद तेच आहे.

घटनादुरुस्त्यांतही एक मोठी सूट होती. कोणते अधिकार द्यायचे हे राज्य विधिमंडळाच्या मर्जीवर सोडले गेले. संस्था सक्तीची झाली, तिची मुदत सक्तीची झाली, तिचे अधिकार मात्र ऐच्छिक राहिले. आणि २०२२ नंतर मुदतीची सक्तीही पाळायची नाही असे ठरवता येते, हे आपण पाहिले.

६. आक्षेप

पहिला आक्षेप मी अनेकदा ऐकतो: प्रामाणिक अधिकारी भ्रष्ट नगरसेवकांपेक्षा बरा. नवी मुंबईचे उदाहरण इथे नेहमी येते. ऑक्टोबर २०१६ मध्ये तिथल्या सभागृहाने आयुक्तांविरुद्ध प्रचंड बहुमताने अविश्वास ठराव केला. आयुक्त कडक शिस्तीचे म्हणून प्रसिद्ध होते, शहरातले पुष्कळ नागरिक त्यांच्या बाजूने होते, आणि राज्य सरकारने ठरावाला स्थगिती दिली. लोकांना न्याय झाल्यासारखे वाटले. पण काही महिन्यांत, २०१७ च्या मार्चमध्ये, त्याच सरकारने त्यांची बदली केली. राहू द्यायचे ठरले ते मंत्रालयात, घालवायचे ठरले तेही मंत्रालयातच. शहराचे सभागृह त्यांना हलवू शकले नाही आणि शहरातले त्यांचे चाहते त्यांना राखू शकले नाहीत. चांगला अधिकारी हा या रचनेत शहराचा हक्क नसतो. वरच्याची मर्जी असेल तोवर तो लाभतो, आणि नागरिकाने मर्जीवर समाधान मानायचे ठरवले की तो प्रजा होतो.

भ्रष्टाचाराबद्दल एवढेच. नगरसेवक गेल्याने टक्केवारी संपते असे मानायला आधार नाही. ती बोलून दाखवणारा विरोधक मात्र नक्की जातो.

दुसरा आक्षेप फार वजनदार आहे, आणि तो करणारे पुन्हा डॉ. आंबेडकरच आहेत. त्याच ४ नोव्हेंबरच्या भाषणात त्यांनी गावाला राज्यरचनेचा पाया मानण्यास सडेतोड विरोध केला. गाव म्हणजे संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयतेचे आगर, असे त्यांचे निदान होते. सत्ता खाली नेली की ती जातीच्या आणि जमिनीच्या मालकांच्या हाती जाते. हे निदान अनुभवातून आले होते आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. बहिष्कृताला दिल्लीतला कायदा गावच्या पंचांपेक्षा अनेकदा जवळचा वाटला आहे, आजही वाटतो.

पण त्या निदानातून अधिकार वर ठेवा असा एकच निष्कर्ष निघत नाही. १९४८ मध्ये नजरेसमोर होती ती परंपरागत गावकी: तिला लिखित नियम नव्हते, राखीव जागा नव्हत्या, मुदत नव्हती. १९९३ नंतरची पंचायत ही वेगळी संस्था आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या जागा आणि अध्यक्षपदे लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव आहेत, आणि महाराष्ट्रात २०११ पासून स्त्रियांसाठी निम्म्या जागा आहेत. राखीव जागेवरच्या सरपंचाला ध्वजारोहणापासून रोखल्याच्या बातम्या येतात, पतीच कारभार पाहतो अशी उदाहरणे आहेत. त्याच बातम्यांचा दुसरा अर्थ असा की ती खुर्ची आता खरोखर कुणाच्या तरी डोळ्यांत सलते. प्रशासक नेमला की हे सगळे आरक्षण एका आदेशाने शून्य होते. मुंबईच्या २२७ नगरसेवकांत निम्म्या स्त्रिया होत्या. प्रशासकाच्या टेबलाभोवती किती असाव्यात याला कोणताही नियम नाही. आंबेडकरांचा आक्षेप खरा मानणाऱ्याने तर रिकाम्या सभागृहांना सर्वांत जास्त विरोध करायला हवा.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाचा दाखला याबाबत नेहमी दिला जातो: दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरीही बांबूच्या वाहतुकीचा परवाना द्यायला वनखाते तयार नव्हते. तो परवाना लिहून देण्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडायला एप्रिल २०११ उजाडला, आणि त्यासाठी केंद्रीय मंत्र्यांना गावात यावे लागले. मालकी मान्य, पण माल दाराबाहेर न्यायला सही दुसऱ्याची: अधिकार कागदावर देणे आणि प्रत्यक्ष देणे यांतले अंतर यापेक्षा नेमके दिसणार नाही. मेंढा हे छोटे गोंड गाव आहे, तिथली सर्वसहमती मिश्र वस्तीच्या मोठ्या गावात जशीच्या तशी चालेल असे मी मानत नाही. पण परवाना पुस्तकाचा धडा सगळ्या गावांना लागू आहे.

तिसरा आक्षेप तज्ज्ञतेचा: सांडपाणी, वाहतूक, पूरनियंत्रण हे विषय नगरसेवकांच्या आवाक्याबाहेरचे आहेत. असतील. अणुऊर्जाही बहुतेक खासदारांच्या आवाक्याबाहेर आहे, म्हणून कोणी ते खाते संसदेच्या कक्षेबाहेर काढा म्हणत नाही. तज्ज्ञाने उपाय सांगायचा, कोणता उपाय कोणाच्या खर्चाने करायचा हे निवडून आलेल्याने ठरवायचे. जायकवाडीच्या पाण्याचा हिशेब अभियंत्यांनी मांडला, पण वाटणीचे तत्त्व विधिमंडळाने ठरवले होते.

चौथा आक्षेप असा की न्यायालये आहेत, माहितीचा अधिकार आहे, माध्यमे आहेत. जाब विचारायला तेवढे पुरे. माहितीचा अधिकार ही या राज्यातल्या चळवळीने मिळवलेली मोठी कमाई आहे. पण अर्ज केल्यावर माहिती मिळते, निर्णय बदलत नाही. न्यायालय बेकायदा निर्णय रद्द करते. कायदेशीर पण चुकीचा निर्णय बदलणे त्याचे काम नाही, आणि नसावेही. ही साधने सभागृहाला बळ देतात, त्याची जागा घेत नाहीत.

७. कुठून सुरुवात करावी

नगराध्यक्ष आणि सरपंच थेट जनतेतून निवडावा की सदस्यांतून, यावर आपण बरीच शक्ती घालवली. २०१६-१७ मध्ये थेट निवड आणली, २०२० मध्ये रद्द केली, २०२२ मध्ये परत आणली. सरकार बदलले की पद्धत बदलते, आणि दोन्ही वेळा त्या पदाच्या हाती काय असावे हा प्रश्न कोणी घेत नाही. माझ्या मते क्रम उलटा हवा.

आधी कार्यकारी सत्ता शहराने निवडलेल्या मंडळाकडे यावी. कोलकात्यात १९८४ पासून महापौर परिषद आहे. सभागृहातल्या बहुमताला उत्तर देणारे छोटे मंत्रिमंडळ, आणि आयुक्त त्याच्या हाताखाली. मुंबई आणि नागपूरमध्ये १९९८ मध्ये हा प्रयोग सुरू झाला आणि वर्षभरात गुंडाळला गेला. तो पुरेसा काळ चालवून मग त्याचे मूल्यमापन करायला हवे होते. दुसरे, प्रभागरचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडे परत द्यावा. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने तो सरकारकडे घेतला, एकमताने घेतला, आणि निवडणुका लांबण्याच्या वाटेत ते एक मोठे वळण ठरले. तिसरे, निधी. केरळने १९९६ च्या लोकयोजनेत राज्याच्या योजना खर्चाचा ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांकडे वळवला. खासदार-आमदार निधी बंद करून ती रक्कम जिल्हा परिषदा आणि पालिकांच्या अंदाजपत्रकात टाकणे ही त्याची महाराष्ट्रातली पहिली पायरी होऊ शकते.

अडचण उघड आहे. हे तिन्ही बदल विधिमंडळाने करायचे आहेत, आणि तिन्हींत आमदारांचे वजन कमी होते. प्रभागरचनेचा कायदा एकमताने झाला यावरून या बाबतीत सत्ताधारी आणि विरोधक यांच्यात किती फरक आहे ते कळते. त्यामुळे ही मागणी विधानसभेतून आपोआप येणार नाही. ती २९ महापालिकांत जानेवारी २०२६ मध्ये निवडून आलेल्या नगरसेवकांना पक्ष बाजूला ठेवून करावी लागेल. त्यांच्याकडे एक साधन आजही आहे. प्रशासकाच्या काळात मंजूर झालेला प्रत्येक मोठा प्रस्ताव, त्याची निविदा, वाढवलेली मुदत आणि वाढीव खर्च यांचे तपशील सभागृहाच्या पटलावर ठेवा, असा ठराव कोणत्याही महापालिकेला करता येतो. त्यासाठी कायद्यात बदल लागत नाही, मंत्रालयाची परवानगी लागत नाही, आणि त्या वर्षांत खर्च झालेल्या पैशाचा निदान आता तरी उघड हिशेब सुरू होतो.